लग्नानंतरचा कागद



विवाहविधी आटोपतो, वधूवर आणि दोन साक्षीदार रजिस्टरवर सह्या करतात. फोटोग्राफरला घाई, हॉलवर पाहुणे खोळंबलेले. सह्या झाल्या की कागदांचे काम संपले असे पुष्कळांना वाटते. आमचे काम मात्र तेथून सुरू होते.

विवाह कागदाने होत नाही, परस्परांच्या संमतीने होतो. पण ही संमती खाजगीत दिलेली नसते. देवासमोर आणि ख्रिस्तसभेसमोर दिलेली असते. म्हणून ख्रिस्तसभा ती जपून ठेवते. आपल्या नोंदवहीत ती लिहिली जाते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तिची माहिती दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकांकडे पाठवायची असते. आणि एक पत्र जाते वधूवरांचा बाप्तिस्मा जेथे झाला त्या चर्चकडे. तेथील जुन्या वहीत, त्या बाळाच्या नावासमोर, विवाहाची नोंद होते. संत दहावे पायस यांच्या १९०७ च्या आदेशात हा नियम होता. आजच्या कॅनन लॉमध्ये तो कलम ११२२ आहे.

आपल्या भागात या पत्राला फार मोल आहे. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत कोणी संगमनेरहून आला, कोणी राहुरीहून, कोणी थेट केरळहून. गावी बायको-मुले सोडून आलेला माणूस मोशीच्या भाड्याच्या खोलीत अविवाहित म्हणून सहज राहू शकतो. त्याच्या लग्नाची घोषणा आम्ही मिस्साच्या वेळी तीनदा वाचली, तरी हरकत घेणार कोण? येथे त्याला ओळखतो कोण? पण बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवला की गावच्या वहीतील ती एक ओळ उभी राहते. मागे राहिलेल्या त्या बाईच्या बाजूने येथे बोलणारे दुसरे कोणी नसते. आणि येथल्या मुलीचीही फसवणूक टळते.

म्हणून आम्ही सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतो. कपाटातला पिवळा पडलेला चालत नाही. 'फादर कागदांवरून अडवतात' हे कानावर येते. येऊ दे.

पत्रे कधी पोस्टात गहाळ होतात. ज्यांचा विवाह येथे झाला आणि बाप्तिस्मा अन्यत्र, त्यांनी गावी जाल तेव्हा (हरेगावच्या यात्रेला बरेच जण जाताच) आपल्या चर्चमध्ये विचारावे: आमच्या लग्नाची नोंद पोहोचली का? नसल्यास विवाहाचा दाखला आपल्या ऑफिसातून घेऊन जावा.