पटाबाहेरचं पोट

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी बदलतात, साहेब बदलतात. खिचडीच्या मावशी तेवढ्या जागच्या हलत नाहीत. त्यांना पगार नसतो, मानधन असते. त्यात मान किती आणि धन किती, ते विचारू नये.

१९९५ साली योजना आली तेव्हा पोरे तांदूळ घरी नेत. २००१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, शिजवून द्या. पहिली ते पाचवीच्या हजर पोराला दिवसाचे धान्य १०० ग्रॅम.

आता चौथीतल्या बहिणीच्या कडेवरून येणारा धाकटा पटावर नाही. म्हणजे सरकारदरबारी त्याला पोटच नाही! मावशी त्यालाही डावभर वाढतात. ही चोरी की पुण्य? शाळा समितीत मी हा प्रश्न फार पोटतिडकीने मांडला. (माझे जेवण झालेले होते.)

मावशी म्हणाल्या, "भाऊ, तांदूळ मोजूनच टाकते. पाणी मोजायचं कुठं लिवलंय?"

म्हणजे प्रत्येक पोराचा एकेक घास त्याला न विचारता जातो. दान केल्याचे देणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर पुण्य कुणाच्या खात्यावर? मला हे अजून खटकते. गुरुजींनी शेवटी पोरांनाच विचारले. पोरे म्हणाली, "गुरुजी, आज लोणचं हाय का?"