पिठलं थांबत नाही

लंडनच्या पश्चिम टोकाला, मुलीच्या घरापासून दोन स्टेशनं पुढे एक नवं इंडियन रेस्टॉरंट उघडलं. मेनूकार्डावर चक्क देवनागरीत 'आजीच्या हातची चव', आणि खाली भरली वांगी, पिठलं-भाकरी, ठेचा. सासऱ्यांना खूश करावं म्हणून जावयाने शुक्रवारी रात्रीचं टेबल राखून ठेवलं.

भरली वांगी आली, ती भरलेली नव्हती. मोठ्या वांग्याच्या फोडी तळून केशरी ग्रेव्हीत सोडलेल्या, वर क्रीमची नागमोडी रेघ. दाण्याचं कूट असावं, गूळही असावा. गोड्या मसाल्याच्या नावाने मात्र शंख. पिठलं भातुकलीतल्यासारख्या पितळी बादलीत आलं. त्याने वर साय धरली होती आणि चमचा घातला तर तो उभाच राहिला. भाकरीच्या कडा वर वळलेल्या, तोडायला दोन्ही हात लागले.

"कसं आहे, बाबा?" जावयाने विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. सासऱ्याला दुसरं काय म्हणता येतं?

आधी राग आला तो आचाऱ्याचा. पण जावयाच्या ताटातलं बटर चिकन चाखून पाहिलं, तर ते उत्तम होतं. म्हणजे हाताला चव होती. दोष घड्याळाचा होता.

रेस्टॉरंट म्हणजे पन्नास पदार्थांची यादी, आणि त्यातला कुठलाही मागा, वीस मिनिटांत टेबलावर. हे जमायचं तर अर्धा स्वयंपाक दुपारीच होऊन बसलेला हवा. आपल्याकडच्या हॉटेलांत त्यासाठी लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्यांची पातेली तयार असतात. ब्रिटनमधल्या जुन्या करी हाउसात बहुतेकदा एकच असते: ढीगभर कांदा मऊ शिजवून, वाटून केलेली. त्यात कोंबडी घाला, कोळंबी घाला, तिखट कमी-जास्त करा, पदार्थाचं नाव बदलतं. कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू जहाल. गोव्यातल्या विंदालूचा जीव व्हिनेगर आणि लसणीत आहे, तिच्या मूळ पोर्तुगीज नावातही वाइन आणि लसूणच आहे. इथे ती तिखटाच्या शिडीची एक पायरी झाली.

या शिडीला हसावंसं मला वाटत नाही. ती ज्यांनी उभी केली त्यांत जहाजांवरून उतरलेले सिल्हेटचे खलाशी होते, त्यांच्यामागून आलेले त्यांचे गाववाले होते. परक्या शहरात पोट भरायचं तर गिऱ्हाइकाची जीभ वाचता यावी लागते. त्यांच्या कितीतरी आधी, 1810 मध्ये, पाटण्याच्या शेख दीन महंमदने लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं आणि हुक्क्याचं दुकान थाटलं होतं. 1812 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये 1947 साली मोती महल सुरू केलं, तेही पेशावरहून उठून आलेल्यांनीच. तिथलं बटर चिकन नेमकं कोणी शोधलं, यावर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा गेला. पिठल्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढेल असं वाटत नाही.

पण यांतल्या कोणी पाटीवर आजीला बसवलं नव्हतं. करी हाउसने करी विकली आणि गिऱ्हाइकाला तीच हवी होती. या नव्या रेस्टॉरंटने यंत्र तेच ठेवलं आणि वर आठवणीचं लेबल लावलं. माझी तक्रार एवढीच आहे.

कारण पिठलं त्या यंत्रात बसतच नाही. डाळीचं पीठ शिजायला फार वेळ लागत नाही, पण गॅसवरून उतरलं की ते आळायला लागतं. म्हणून ताटं मांडल्यावर ते टाकायचं. भाकरीचं तर विचारूच नका. पीठ गरम पाण्यात मळायचं, एकेक थापायची, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. तंदूरमध्ये एका वेळी डझनभर रोट्या लागतात. भाकरीसाठी चुलीपुढे एका माणसाला अडकून पडावं लागतं. या जेवणात खाणाऱ्याने वाट पाहायची असते. पदार्थ थांबत नाही.

म्हणूनच ते घराबाहेर पडलं तेव्हा खानावळीत गेलं. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठीच. खानावळीत मेनूकार्ड कसलं? "आज काय आहे?" हा एकच प्रश्न, आणि जे असेल ते खायचं. निवड नव्हती म्हणून ताट गरम असायचं. ते फार सुखाचं होतं असंही नाही. आमटी पातळ असायची, आणि वाढणारी बाई पहाटेपासून धुरात उभी. माझ्या आजीचंही तेच. सगळ्यांची पानं उठल्यावर ती जेवायला बसायची, तोवर तिच्या वाट्याचं पिठलं त्या बादलीतल्यासारखंच झालेलं असायचं. आजीच्या हातची चव आजीला गरम कधी मिळालीच नाही.

बिल घेऊन आला तो मुलगा नांदेडचा निघाला. दिवसा कॉलेज, रात्री हे काम. अर्धवट राहिलेल्या बादलीकडे बघून तो हळूच म्हणाला, "काका, आम्ही पण हे नाही खात. किचन बंद झाल्यावर आमचं वेगळं होतं. सगळ्यांना मिळून एकच काहीतरी."

"आज काय आहे?"

"वरण-भात. लसणाची फोडणी घालून."

"किती वाजता?"

"साडेअकराला."

मुलीने फोन काढून पाहिलं. आमची शेवटची गाडी अकरा दहाची होती.