थोरल्याचे गुरगुरणे



गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी, पहाटेच्या मिस्सानंतर, देवळाच्या फाटकापाशी पुठ्ठ्याचा एक खोका दिसला. आत फडक्यात गुंडाळलेले गावठी कुत्र्याचे पिल्लू होते. भिजलेले, पोट फुगलेले, आवाज मात्र खणखणीत. कोणी ठेवले ते कळले नाही. आम्ही त्याला उचलले, छत्रीखाली धरले आणि थेट धर्मगुरू निवासाच्या व्हरांड्यात आणले.

व्हरांड्यात टायगर झोपला होता. टायगरला तुम्ही सगळे ओळखता. वय अकरा वर्षे. आधीच्या फादरांच्या काळापासून तो इथेच आहे, म्हणजे या धर्मग्रामात तो आम्हाला सीनियर आहे. मागच्या पायांनी आता अधू झाला आहे, डाव्या डोळ्यात पांढरट झाक आली आहे. आमच्या मनात आले, बिचारा एकटा असतो, त्याला सोबत होईल. आम्ही पिल्लू त्याच्या नाकापुढे ठेवले.

पिल्लू सरळ टायगरच्या भांड्याकडे धावले. टायगर उठला. त्याचे अंग ताठ झाले, ओठ वर गेला आणि तो गुरगुरला. पिल्लाला त्याचे काहीच नाही, ते त्याच्या पोटाखाली घुसले. टायगरने हवेत जबडा आपटला. आम्ही हातातले वर्तमानपत्र त्याच्या पाठीवर हाणले, "एवढ्याशा जिवावर गुरगुरतोस, लाज नाही वाटत?" असे ओरडलो आणि त्याला अंगणात हाकलले. बाहेर पाऊस पडत होता.

त्या दिवशी टायगर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही वेदीवरून शेजारप्रीतीवर प्रवचन दिले. टायगर फाटकापाशी भिंतीला लागून पडून होता.

सोमवारी आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फादर, नव्याला जागा दिली ते बरं केलं. पण जुन्याची काढून कशाला दिली?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोघांनाही घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पिल्लाआधी टायगरला तपासले. मागचे पाय चाचपताच तो कळवळला. डॉक्टर म्हणाले, "फादर, याचे सांधे दुखतात. दिसतंही कमी. दुखऱ्या अंगावर कोणी उड्या मारल्या तर तो गुरगुरणारच. ती त्याची भाषा आहे. 'मला त्रास होतोय, लांब हो,' एवढंच तो सांगतोय. तुम्ही त्याला मारून गप्प केलंत तर त्याची भीती जात नाही, फक्त सांगणं बंद होतं. मग एक दिवस तो न गुरगुरता चावतो."

हे शेवटचे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. ते अजून मनातून गेलेले नाही.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितले ते इथे देतो, कारण पुष्कळ घरांत असा प्रसंग येतो. कुत्रा गुरगुरण्याच्या आधीही बोलत असतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो, जागच्या जागी थिजतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला ही भाषा अजून नीट कळत नाही. ती घरातल्या माणसांनी वाचायची आणि वेळीच पिल्लाला बाजूला घ्यायचे.

पहिले दहा दिवस आम्ही पिल्लाला कार्यालयामागच्या खोलीत वेगळे ठेवले. त्याला जंतांचे औषध दिले, पहिली लस टोचली. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. टायगरच्या लसींची तारीखही आम्ही पाहून घेतली. या दिवसांत पिल्लाच्या अंगाखालचे फडके टायगरच्या कोपऱ्याजवळ ठेवायचे आणि टायगरचे गोणपाट पिल्लाच्या खोलीत. कुत्र्याची ओळख डोळ्यांआधी नाकाने होते. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची भांडी ठेवायची. आधी दारापासून लांब, मग रोज थोडी जवळ. दुसऱ्याचा वास आला की आपल्या पोटात काही चांगले पडते, एवढे दोघांना कळले पाहिजे.

पहिली भेट घरात ठरवली नाही. सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमागे एक बंदिस्त अंगण आहे. तिथे दुसरी कुत्री येत नाहीत, त्यामुळे पूर्ण लसी न झालेल्या पिल्लाला रोगाची भीती कमी, आणि ते टायगरचे राज्यही नव्हे. दोघांना दोरी, पण दोरी सैल. एक टोक आमच्या हातात, दुसऱ्या दोरीचे टोक एका सिस्टरांच्या हातात. दोघांना समोरासमोर उभे करायचे नाही, एकाच दिशेने अंतर राखून चालवायचे. तीन-चार सेकंद हुंगू द्यायचे, मग हाक मारून वेगळे करायचे. पाच मिनिटे झाली की पुरे.

घरातही नियम केले. भांडी वेगळ्या जागी, हाडूक आणि चेंडू मध्ये टाकायचे नाहीत. टायगरच्या कोपऱ्यापुढे आडवी फळी, म्हणजे त्याला निवांत पडता येईल आणि पिल्लाला ओलांडता येणार नाही. आमच्यापैकी कोणी जवळ नसेल तर दोघांना एकत्र सोडायचे नाही. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरची फेरी पूर्वीसारखीच फक्त टायगर आणि आमची. त्याच्या जुन्या दिवसातले काहीही कमी होऊ द्यायचे नाही.

बंधू-भगिनींनो, या दिवसांत आम्हाला लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय पुन्हा वाचावासा वाटला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आम्ही अनेकदा बोललो आहोत, पण बहुतेक वेळा धाकट्यावर. थोरला भाऊ म्हटला की आमच्या तोंडी शब्द ठरलेले असत: मत्सरी, कोरडा, हिशेबी. म्हणजे आम्ही त्यालाही वर्तमानपत्राने मारत होतो.

या खेपेस आम्ही सावकाश वाचले. थोरला शेतात होता. दिवसभर राबून तो घराजवळ आला तेव्हा त्याला गाणे-बजावणे ऐकू आले. घरात काय चालले आहे हे त्याला एका नोकराकडून कळले. पुष्ट वासरू कापले गेले, पाहुणे आले, वाद्ये वाजू लागली, पण थोरल्याला शेतातून कोणी बोलावून आणल्याचा उल्लेख लूकने केलेला नाही. त्याच्या घरात, त्याच्या माघारी, सगळे बदलले होते. तो गुरगुरला. आत जाईना.

आता बाप काय करतो ते पाहा. तो नोकराकरवी निरोप धाडत नाही. "लोक काय म्हणतील, आत ये" असे दटावत नाही. तो स्वतः बाहेर येतो. धाकटा दूर असतानाच तो धावत बाहेर गेला होता आणि आता थोरल्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर येतो. थोरल्याची सगळी तक्रार तो ऐकून घेतो, मध्ये तोडत नाही. मग पहिली गोष्ट कोणती सांगतो? आनंद कर, हे नंतर. आधी तो त्याला त्याची जागा सांगतो: तू सदैव माझ्याजवळ आहेस, माझे आहे ते तुझेच आहे. थोरल्याने धाकट्याला भाऊ म्हणायचे टाळले होते. "हा तुमचा मुलगा" असे तो म्हणाला होता. बाप त्याला हळूच आठवण करून देतो की तो तुझा भाऊ आहे. ज्याची स्वतःची जागा पक्की झाली, त्यालाच दुसऱ्यासाठी सरकून बसता येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा विचार आम्ही अभ्यासला होता की देवाची कृपा माणसाचा स्वभाव पुसून टाकत नाही, ती त्याला पूर्णत्वाकडे नेते. परीक्षेत त्यावर बरे गुणही मिळाले. पण त्याचा अर्थ व्हरांड्यात कळला. आम्हाला कृपेचे काम एका दुपारी उरकायचे होते. ज्याला भीती वाटते त्याची भीती समजून न घेताच प्रेम कर म्हणून आम्ही हुकूम सोडला होता.

आणि हे फक्त टायगरपुरते असते तर ही पाने आम्ही भरली नसती. एक गोष्ट कबूल करायची आहे.

आमच्या देवळात एक काका कित्येक वर्षे पेटी वाजवत आले. दोन वर्षांपूर्वी काही तरुण मुले कीबोर्ड आणि गिटार घेऊन आमच्याकडे आली. उत्साही, चांगली मुले. आम्हाला आनंद झाला आणि त्याच भरात रविवारची मोठी मिस्सा आम्ही त्यांच्याकडे सोपवली. घोषणा वेदीवरून केली. काकांनी ती बाकावर बसून, सगळ्यांबरोबर ऐकली. पुढच्या सभेत ते थोडे कडक बोलले, तेव्हा आम्ही म्हणालो, "जुन्या लोकांना बदल नको असतो." त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. पहाटेच्या मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसू लागले. आम्हाला वाटले, बरे झाले, वाद मिटला.

तो वाद मिटलेला नव्हता. फक्त गुरगुरणे थांबले होते.

डॉक्टरांकडून आल्यावर त्याच आठवड्यात आम्ही काकांच्या घरी गेलो. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग आम्ही म्हणालो, "काका, आमचं चुकलं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, माझी बोटं आता चालत नाहीत. मीच सोडणार होतो. पण तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी माझ्या हाताने त्या पोरांना पेटी दिली असती."

ती संधी आम्ही त्यांच्याकडून हिरावून घेतली होती आणि ती परत देता येत नाही. काका पुन्हा पेटीवर बसलेले नाहीत. पण आता शनिवारी मुले त्यांच्या ओट्यावर सरावाला जातात. जुने गीत काळी दोनमध्ये धरायचे की आणखी खाली, ते काका सांगतात. मुले ऐकतात, कधी ऐकत नाहीत. एवढे जमले आहे.

आपल्या घरांकडे पाहू या. दुसरे बाळ येते आणि पहिले मूल अचानक हट्टी होते. सून येते आणि सासूबाई चुलीपाशी भांडी आपटतात. नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबे मिस्साला येतात आणि वर्षानुवर्षे त्याच बाकावर बसणारे कपाळाला आठ्या घालतात. आपण लगेच निवाडा देतो: मत्सर, हेकेखोरपणा, कोता स्वभाव. क्वचित तसे असेलही. पण निवाड्याआधी विचारू या, याचे कुठे दुखते आहे? याचे भांडे कोणी उचलले? हा बदल याला कोणी आधी सांगितला का? आणि जो नवा आला आहे, त्याच्यावरही राग धरू नये. पिल्लू खोक्यात स्वतःहून बसले नव्हते.

एक खबरदारीही सांगतो. माणसे म्हणजे कुत्री नव्हेत. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसांच्या वाट्याची माया त्यांच्यावर उधळू नये, अशी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे. आमच्या बाबतीत उलटेच घडले होते. कुत्र्यासाठी आम्ही आठवड्याभरात डॉक्टर गाठला आणि पेटीवाल्या काकांच्या घरी जायला दोन वर्षे लावली.

पिल्लाचे नाव मुलांनी छोटू ठेवले आहे. टायगर आणि छोटू यांची घट्ट मैत्री झाली असे म्हणता येणार नाही. टायगर अजूनही गुरगुरतो. मात्र छोटू आता ते ऐकून दोन पावले मागे सरकतो आणि टायगर पुन्हा डोळे मिटतो. परवा दुपारी मावशींनी आम्हाला खुणेने बोलावले. फळी बाजूला पडली होती. टायगर आपल्या गोणपाटावर होता आणि छोटू त्याच्यापासून हातभर अंतरावर, फरशीवर, झोपला होता.

दाखल्यातला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. बाप बाहेर उभा आहे, आतून गाण्याचा आवाज येत आहे, एवढ्यावर दाखला थांबतो. या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरातून, आपल्या बाकावरून उठून एकदा बाहेर जावे. जो आत यायला तयार नाही त्याच्यापाशी थोडा वेळ उभे राहावे आणि त्याला आधी बोलू द्यावे.

जो पिता दोघांसाठीही बाहेर आला, तो आपल्याला तेवढा धीर देवो. आमेन.

आपले धर्मगुरू