विचारलं, मग पुढे?

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात माझी मावशी राहते. 2006 साली कामगारांच्या ताब्यात आलेल्या 10,000 घरांपैकी तिचं एक. गेल्या दिवाळीत मी तिथे असताना आशाताई तिशीपुढच्यांचा तपासणी फॉर्म घेऊन आल्या. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी आहे का, असं विचारत शेवटी दोन प्रश्न आले. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती दिवस झालं? उदास किती दिवस वाटलं? प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 3 च्या वर गेली, तर दवाखान्यात पाठवायचं.

मावशी पानं कातरत होती. समोर सासू बसलेली. "तसलं काय नाही बघा," मावशी म्हणाली. 0 आणि 0.

संध्याकाळी आशाताई पुन्हा आल्या, कागदाविना. "अक्का, झोप लागली का काल?" एवढंच विचारलं. मावशी रडायला लागली. मी उठून बाहेर गेलो.

रात्री तिनेच मला विचारलं, "तो कागद बदलून घेऊ का रे? लिहिलं तर औषध मिळतं, का नुसतं नाव वर जातं?"

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरला अलार्म लावण्याआधी, तो वाजला की कोण उठणार हे आम्ही ठरवतो. कुणी उठणार नसेल, तर अलार्म लावायचा नाही. हाच नियम इथे लावला, तर डॉक्टर आणि औषध हाताशी येईपर्यंत हे दोन प्रश्न विचारूच नयेत.

पण ते मला पटत नाही. कुणी आपल्याला विचारलं, हे सर्व्हरला कळत नाही, माणसाला कळतं. त्या संध्याकाळी औषध नव्हतं, तरी मावशीला काहीतरी मिळालं.

मात्र सरकारने त्या संध्याकाळीवर भागवू नये. मनाबद्दल विचारणं म्हणजे वचन देणं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. 2022 पासून 14416 हा टेलिमानसचा नंबरही आहे. पण हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईला दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाच्या विड्या. आणि दोन खोल्यांच्या घरात सासूसमोर फोनवर ती काय बोलणार? वचन देतं सरकार, पण ते मोडलं तर गल्लीत तोंड दाखवायचं आशाताईंनी.

म्हणून प्रश्न जरूर विचारावेत, पण बाईला एकटीला गाठून. आणि पुढची वाट तिच्या मजुरीच्या वेळा बघून आखावी. मावशीला मी म्हटलं, "बदलून घे, मी येतो बरोबर." घरी परतताना मनात आलं, हे म्हणायला प्रत्येक घरात सुट्टीवर आलेला भाचा नसतो.