पुरुषांना आवडेल असं पुस्तक

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तिथल्या कॅन्टीनमध्ये कामगारांसाठी पुस्तकांचं एक कपाट ठेवायचं ठरलं आणि ‘तुम्ही वाचता ना, मग तुम्हीच यादी करा’ म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सूचना एकच होती : सगळे पुरुष आहेत, त्यांना आवडेल असं बघा. सोबत एक कच्ची यादीही होती. उद्योजकांची चरित्रं, ‘अग्निपंख’, श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी दोन-तीन भाषांतरं, शिवचरित्र, ‘पानिपत’.

यातल्या कुठल्याही एका पुस्तकाला माझी हरकत नाही. पण यादी सलग वाचली की तिच्यातून एक माणूस उभा राहतो. त्याला एक तर पुढे जायचंय, नाहीतर लढायचंय. त्याला कशाची भीती वाटत नाही, गावाची आठवण येत नाही, उगाच हसावंसंही वाटत नाही. असा पुरुष मला तरी कुठे भेटलेला नाही. मग प्रश्न पडतो की, आपण त्याची आवड शोधतोय की त्यानं कसं असावं ते ठरवतोय?

यावर सरळ उत्तर येतं : पुरुषांना लढाया आवडतातच, खप बघा. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७मध्ये आलं आणि एरवी काहीच न वाचणाऱ्या कितीतरी पुरुषांनी ते वाचलेलं असतं, हे खरंच आहे. पण ते कुरुक्षेत्रासाठी वाचलं जातं असं मला वाटत नाही. जन्मावरून भर सभेत झालेला अपमान आयुष्यभर गिळून बसलेला माणूस त्यात आहे. सुपरवायझरनं चारचौघांत सुनावल्यावर मान खाली घालून मशिनकडे परतणाऱ्याला कर्ण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे आवड खरी असते, पण तिचं कारण आपण चुकीचं लावतो आणि त्या चुकीच्या कारणावर पुढची दहा पुस्तकं निवडतो.

मुलग्यांचंही तेच. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पोहायला घाबरणारा, लपून बसणारा, आईच्या आठवणीनं रडणारा मुलगा त्यात आहे. आजच्या हिशोबानं हे ‘मुलग्यांचं पुस्तक’ ठरणार नाही. तरी मराठी मुलगे पिढ्यानपिढ्या ते वाचत आले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही त्याच मुलग्यांनी वाचला. श्याम आवडणारे वेगळे आणि फुरसुंगीचा बन्या आवडणारे वेगळे, अशी वाटणी मुलांनी कधी केली नाही. ती मोठ्यांनी केली.

पुरुषांसाठीच्या यादीत आणखी एक गोष्ट हटकून असते : उपयोग. मुलाला पुस्तक द्यायचं तर स्पर्धा परीक्षेचं, बापाला द्यायचं तर प्रगतीचं. पोलीस भरतीची तयारी करणारा हेल्पर त्याचं पुस्तक स्वतः मागतो, ते त्याला मिळालंच पाहिजे. पण न मागताही सगळ्यांच्या हातात उपयोगच ठेवायचा, याचा अर्थ त्यांचा मोकळा वेळही आपल्याला कामाला लावायचाय. १९४८च्या कारखाने कायद्यानं सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती दिली. त्या अर्ध्या तासात माणसानं सुधारलं पाहिजे असं कायदासुद्धा म्हणत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. विद्वानांनी नाकं मुरडली, वाचकांनी झुंजार आणि काळा पहाड डोक्यावर घेतले. तो वाचक कशासाठी वाचत होता? पुढे काय होतं ते कळावं म्हणून. एवढं कारण पुरेसं आहे. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याला विनाकारण आनंद घेण्याचा हक्क आहे की नाही, हा माझ्या मते या यादीतला खरा नैतिक प्रश्न आहे.

‘म्हणजे कसंही काहीही ठेवायचं का?’ नाही. निवडावं तर लागतंच, कपाटाला चारच फळ्या आहेत. पण निवडणाऱ्यानं आपला अंदाज अंदाजच समजावा. म्हणून मी श्रीमंतीची पुस्तकं एकावर आणली आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ घातलं. तो माणदेश आमच्या जिल्ह्यातल्या सांगोल्यापर्यंत येतो. दुष्काळात गाव रिकामं होणं म्हणजे काय, हे इथल्या अनेकांना घरातूनच ठाऊक आहे. रहस्यकथा घातल्या, पु. ल. घातले, अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ घातला. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ, त्यांच्यासाठी त्या भाषांतली पुस्तकं विचारून आणायची ठरली. किती पानं वाचली याची नोंदवही आणि वाचनस्पर्धेचं बक्षीस, या दोन सूचनांना मात्र मी विरोध केला. वीस पानांवर पुस्तक सोडून देता येत नसेल, तर ती आवड नाही, हजेरी आहे.

यात धोका आहेच. कदाचित कपाटावर धूळ बसेल आणि सगळे मोबाईलच बघतील. तसं झालं तर यादी बदलावी, माणसांना नावं ठेवू नयेत. परवा एकानं आठवीतल्या मुलासाठी पुस्तक मागितलं : ‘पोरगा वाचेल असं द्या.’ मी फास्टर फेणे आणि ‘श्यामची आई’ दोन्ही दिली. तो म्हणाला, ‘यातलं आधी मीच वाचतो एक.’ कुठलं, ते मी विचारलं नाही.