कागद जाळायचा की धरायचा?

आमच्यातला एखादा पोरगा तावातावानं म्हणतो, कायदा म्हणजे नुसता कागद, जाळून टाका. मलाही तसंच वाटायचं. मग अमेरिकेतल्या काळ्यांचा हिशेब मांडून बघितला.

यादवी युद्ध संपलं. १८६५ साली तेराव्या दुरुस्तीनं गुलामी गेली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं कायद्याचं समान संरक्षण दिलं, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं मत. १८७७ नंतर दक्षिणेतल्या गोऱ्यांनी हे सगळं हिसकावून घेतलं. १८९६ साली प्लेसीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टच म्हणालं, रेल्वेत काळ्यांचा डबा वेगळा ठेवला म्हणून समानता मोडत नाही!

१९५४ साली शाळांचा ब्राऊन खटला आला. तेच कोर्ट, तीच चौदावी दुरुस्ती, एक अक्षरही बदललेलं नाही. निकाल मात्र उलटा. मधे काय झालं? थरगूड मार्शलसारखे काळे वकील तयार झाले. पोरांसाठी आईबाप फिर्यादी म्हणून उभे राहिले.

म्हणून जाळायचं नाही. पण पूजाही नको. तेराव्या दुरुस्तीत एक भोक ठेवलंय: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालते. कामधंदा नाही म्हणून काळ्यांना धरलं, कैदी केलं आणि मळ्यांवर, खाणींत भाड्यानं दिलं. ते भोक अजून बुजलेलं नाही.

दोस्तांनो, 'कायद्याचं समान संरक्षण' हे शब्द आपल्या घटनेच्या चौदाव्या कलमातही आहेत. जयंतीला आपण घटना डोक्यावर घेतो. उघडून वाचतो किती जण? आणि ती हातात धरून कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाईच्या मागं आपल्यातले किती जण उभे राहतात?