उपऱ्याचे खरेदीखत

शास्त्रवाचन : उत्पत्ती २३:१-२०



ज्या अब्राहामाला संपूर्ण कनान देशाचे अभिवचन लाभले होते, त्याने तेथे जमीन विकत घेतल्याची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात एकदाच आढळते. आणि तीही साराच्या दफनासाठी. हेब्रोन येथे हेथी लोकांसमोर उभा राहून तो प्रथम आपली ओळख देतो : मी परका आहे, उपरी आहे.

मूळ इब्री भाषेत येथे ‘गेर’ आणि ‘तोशाव’ असे दोन शब्द आहेत. ‘गेर’ म्हणजे बाहेरून आलेला. ‘तोशाव’ म्हणजे येऊन राहिलेला, परंतु भूमीवर वंशपरंपरागत हक्क नसलेला. मराठीतील ‘उपरी’ हा शब्द आपल्या जुन्या महसुली व्यवहारातला होय. पिढीजात हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि तसा हक्क नसताना कसणारा तो उपरी. भाषांतराच्या मेजावर या शब्दाचा विचार मी पुष्कळदा केला होता. त्याचा अर्थ मात्र घर घेताना उमगला.

काही वर्षांपूर्वी आम्ही पतिपत्नी उपनगरात घर शोधत होतो. स्वतंत्र बंगल्यांची जुनी वसाहत, रस्त्याच्या दुतर्फा वाढलेली झाडे, कुंपणावरून एकमेकांची विचारपूस करणारे शेजारी. एक घर मनात भरले. किंमत ठरली. तेव्हा मालकांनी सुचवले की, खरेदीखतात रक्कम कमी दाखवावी व उरलेली रोख द्यावी. मुद्रांक शुल्क वाचेल, सगळेच असे करतात. मी लगेच नकार दिला नाही, हे कबूल केले पाहिजे. वाचणारी रक्कम आमच्या दृष्टीने लहान नव्हती. परतताना पत्नी म्हणाली, “अहो, गृहार्पणाच्या प्रार्थनेत देवाला कोणता आकडा सांगायचा? कागदावरचा, की पिशवीतला?”

१ जून २०१५ पासून घरजमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई केली, हे मला ठाऊक होते. परंतु त्या रात्री मला थांबवले ते या अध्यायाने. एफ्रोन शेत देऊन टाकण्याची भाषा करतो. अब्राहाम पुरे मोल देण्याचा आग्रह धरतो. ४०० शेकेल रुपे व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाप्रमाणे, सर्वांच्या समक्ष तोलून दिले जाते. शेत, गुहा, हद्दीतील झाडेसुद्धा नमूद होतात. वेशीतल्या लोकांपासून लपवावा असा एकही आकडा त्या व्यवहारात नाही. अभिवचनाचा वारस असूनही तो त्या देशाच्या लोकांना दोनदा नमन करतो.

ते घर आम्हाला मिळाले नाही. वर्षभराने त्याच वसाहतीत, मागच्या गल्लीत, एक लहान घर पुरी रक्कम कागदावर लिहून घेतले. राहायला जाण्यापूर्वी आम्ही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटून आलो. खरेदीखत आमच्या हाती होते, तरी तेथे चाळीस वर्षे नांदलेल्या माणसांपुढे आम्ही उपरीच होतो.

लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर सांगतो की, भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर परके व उपरी आहोत. ज्याला हे पटले, त्याला घरासाठी असत्याचा आधार घ्यावा लागत नाही, आणि नव्याने येणाऱ्या शेजाऱ्यापुढे मिरासदाराचा तोराही मिरवता येत नाही.

आपल्यापैकी कोणी आज अशाच व्यवहाराच्या उंबरठ्यावर असेल, तर सही करण्यापूर्वी त्याने हा अध्याय एकदा गुडघ्यांवर वाचावा. प्रभू आपणांस तसे करण्यास साहाय्य करो. आमेन.